टॉवेलचे लूप आणि दुधातली साखर

सोलापुरी टेरी टॉवेल जवळून पाहा. कापडावर सुताचे हजारो लूप उभे असतात, म्हणून तर तो एवढं पाणी शोषतो. लहान आतड्याचं अस्तरही असंच आहे. त्यावरच्या इवल्या उंचवट्यांना रसांकुर म्हणतात आणि लॅक्टेज, सुक्रेज, माल्टेज ही विकरं (एन्झाइम) त्यांच्याच पृष्ठभागावर बसलेली असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणं हे लॅक्टेजचं काम. ते कमी पडलं की लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोट गुडगुडायला लागतं. "दूध बाधतं, दही चालतं" म्हणणारा माणूस नखरे करत नसतो. विरजणातल्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं.

बहुतेकांचं निदान श्वासातला हायड्रोजन मोजून होतं. विकर थेट मोजायचं तर एंडोस्कोपीतून अस्तराचा काही मिलिग्रॅमचा तुकडा काढावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, पण यासाठीचा तुकडा त्यात टाकला तर विकराचं कामच थांबतं. तो लगेच गोठवायचा. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात डब्यातला कोरडा बर्फ संपला, तर निरोगी आतड्याचा अहवालही 'लॅक्टेज कमी' असा येऊ शकतो.

पुढची पद्धत मुळात स्वीडनच्या आर्ने डालक्विस्ट यांची, १९६४ची. तुकडा थंडगार पाण्यात घोटायचा, त्याचे वाटे करून एकात लॅक्टोज, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात माल्टोज घालायचं आणि ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. मग सुटलेलं ग्लुकोज मोजायचं. त्यासाठी वापरतात ते ग्लुकोज ऑक्सिडेज अनेक ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांतही असतं. एका माल्टोजमधून ग्लुकोजचे दोन रेणू निघतात, म्हणून तिथला आकडा निम्मा करावा लागतो. हे विसरलं तर माल्टेज उगाच दुप्पट दिसतं. तुकडे सारख्या आकाराचे नसतात, त्यामुळे शेवटी प्रथिनांच्या वजनाने भागतात.

माझ्या मते खरी गंमत आकड्यांची एकमेकांशी तुलना करण्यात आहे. लॅक्टेज एकटंच घसरलं असेल, तर तो बहुधा वयानुसार ओसरणाऱ्या जनुकाचा खेळ. सगळीच विकरं खाली असतील, तर नमुना वाटेत वितळला तरी असेल किंवा रसांकुरच झिजले असतील. गव्हातल्या ग्लूटेनने होणाऱ्या सीलिॲक आजारात ते असे झिजतात. अशा रुग्णाला आपली ज्वारीची भाकरी चालते, कारण ज्वारीत ग्लूटेन नाही. गहू सुटला की लूप हळूहळू पुन्हा उभे राहतात. मात्र लॅक्टेज सहसा सर्वात शेवटी सावरतं, त्यामुळे दुधात भाकरी कुस्करून खायला अजून काही महिने थांबावं लागतं.