भिंतीवरून सरकणारी राखाडी बी

मुंबईच्या दमट घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर, कपाटामागे किंवा पोटमाळ्याच्या कोपऱ्यात दुधीच्या बीसारखं काहीतरी राखाडी, चपटं चिकटलेलं असतं. प्लास्टरचा कपचा समजून झाडू मारायला जावं, तर ते हळूहळू सरकू लागतं. ही एका पतंगाची अळी. फेरिओइका हा तिचा वंश, आणि कुळ टिनेइडी, म्हणजे लोकरीला भोकं पाडणाऱ्या पतंगांचंच.

अंड्यातून बाहेर पडताच अळी रेशमाचा धागा काढून त्यावर वाळूचे कण, रंगाचे पोपडे, धागेदोरे चिकटवत स्वतःभोवती कोश विणते. वाढेल तसा तोही वाढवते. पूर्ण वाढलेला कोश साधारण 8 ते 14 मिलिमीटर लांब असतो. दोन्ही टोकं उघडी, मधला भाग फुगीर. त्यामुळे अळी आतल्या आत वळून कुठल्याही टोकातून डोकं काढते. मागचा दरवाजा असलेली ही खोली, मुंबईच्या मानाने चैनच!

तिचं खाणं म्हणजे कोळ्यांची जुनी जाळी, मेलेले किडे, गळलेले केस, लोकर. केसांतलं केराटिन हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेलं असतं, ते आपल्याला पचत नाही. याच कुळातल्या लोकर खाणाऱ्या अळ्यांच्या आतड्यात मात्र हे बंध तुटतात. निव्वळ सुती कापडात त्यांना पोषण नसतं. घाम किंवा अन्नाचे डाग असले तर गोष्ट वेगळी.

मादी भिंतीच्या फटींत, जमिनीलगतच्या कचऱ्यावर 200 पर्यंत अंडी चिकटवते. ती फुटायला दहाएक दिवस लागतात, अळीची वाढ सुमारे 50 दिवस चालते. मग भिंतीला कोश टांगून ती आतच कोशावस्थेत, म्हणजे अळीचा पतंग होण्याच्या टप्प्यात, जाते आणि साधारण दोन आठवड्यांनी इवलासा करडा पतंग बाहेर येतो. रिकाम्या कोशाच्या तोंडाशी कातडीचं टरफल अर्धवट लटकत राहतं. म्हणजे घरात उडणाऱ्या पतंगामागे चप्पल घेऊन धावण्यात अर्थ नाही. खादाडी अळी असतानाच उरकलेली असते.

डांबराच्या गोळ्यांची वाफ बंद ट्रंकेत साठते, म्हणून तिथे त्या चालतात. न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेली गोळी फक्त वास देते. त्यापेक्षा कोळ्यांची जाळी काढा, पलंगाखालचे केस झाडा, कोश दिसला की उचलून टाका. आणि पावसाळ्यात माळ्यावर हवा खेळती ठेवा, कारण कोरडी हवा या अळीला मानवत नाही.