जंगलातली दावण

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बॉब मार्शल नावाचे राखीव रान आहे, चार लाख हेक्टरांहून मोठे. 1964 च्या वन्यभूमी कायद्यामुळे तिथे मोटार तर नाहीच, सायकललाही बंदी आहे. वाटेवर आडवी पडलेली झाडे कापायला वनखात्याची माणसे दोघांनी ओढायची करवत घेऊन जातात आणि हत्यारे, शिधा खेचरांवर लादतात. मोटारबंदीमुळे माथेरानला घोडा टिकला, तसाच तो इथेही टिकला. हौशी स्वारांनाही या सरकारी जंगलात घोडे घेऊन दिवसच्या दिवस हिंडता येते, तंबू ठोकून राहता येते. ही मुभा मला फार मोलाची वाटते. पण तिचा भार जंगलावर नेमका कुठे पडतो, हेही पाहायला हवे. माझ्या मते दिवसभराच्या रपेटीपेक्षा रात्रीचा मुक्काम जास्त जपावा लागतो.

याचे मूळ घोड्याच्या पोटात आहे. पाचशे किलोच्या या जनावराचे जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचे असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहते. मोकळा घोडा दिवसातले चौदा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो. त्याला एका जागी उपाशी बांधून ठेवले की तो अस्वस्थ होतो, पुढच्या पायाने जमीन उकरू लागतो, समोरच्या झाडाची साल कुरतडतो. एका रात्रीत बुंध्याभोवती खड्डा पडतो आणि मुळे उघडी होतात. सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे उतरत असते. दोर काचून किंवा दातांनी ती साल चारही बाजूंनी सोलली गेली, तर मुळांची उपासमार होते आणि झाड हळूहळू वाळते.

म्हणून जाणते स्वार घोडा झाडाला बांधत नाहीत. दोन दणकट झाडांच्या मध्ये, घोड्याच्या डोक्याच्या वर, दोर ताणून दावण करतात. बुंध्यांना रुंद पट्टे गुंडाळतात, म्हणजे दोर सालीत रुतत नाही. खाली जमीन खडकाळ, कोरडी हवी आणि ओढा निदान साठ मीटर दूर हवा. दावे लांब सोडले तर घोड्याचा पाय त्यात अडकतो. पायांतल्या अस्थिबंधांची रचना अशी असते, की सांधे जणू कुलूप लागल्यासारखे स्थिर होतात आणि घोडा उभ्याउभ्याच डुलकी काढतो. गाढ, स्वप्नांची झोप मात्र त्याला आडवे झाल्याशिवाय येत नाही. लांबच्या सफरीत ती त्याला मिळते की नाही, याकडेही मालकाचे लक्ष हवे.

दुसरा धोका वैरणीतून येतो. घोड्याच्या अन्नाचा बराचसा भाग मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या मदतीने आंबून पचतो. बारीक, टणक कवचाचे बी दातांखाली सापडले नाही, तर या सगळ्यातून जिवंत सुटते आणि दोन-चार दिवसांनी लिदीबरोबर बाहेर पडते. मोठा घोडा दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतो, म्हणजे बियाण्याला खतही आयतेच मिळते. युरोपातून आलेल्या स्पॉटेड नॅपवीड या तणाने मोंटानात मूळच्या गवताची मोठमोठी कुरणे गिळली आहेत. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलेले गाजर गवत पुढे देशभर कसे पसरले, हे आपण पाहतोच आहोत. म्हणून तिथल्या अनेक सरकारी जंगलांत तणमुक्त असल्याचा दाखला असलेलीच वैरण नेता येते. आणि तेवढ्याने भागत नाही. निघण्याच्या दोन-चार दिवस आधीपासून घरीही तीच घालावी लागते, नाहीतर पोटातले जुने बी जंगलात पोहोचतेच.

टापांचा हिशेब ढोबळमानाने मांडता येतो. स्वार आणि खोगीर धरून सहाशे किलोंचा भार, आणि प्रत्येक खूर साधारण तळहाताएवढा. चालताना त्यातले दोन किंवा तीनच जमिनीवर असतात. नाल मारलेली असेल तर कठीण जमिनीवर सगळा भार लोखंडाच्या अरुंद कडेवर येतो. पश्चिम मोंटानातल्या पायवाटांवर घोडे, लामा (ओझी वाहणारा, उंटाच्या कुळातला प्राणी) आणि पदयात्री यांची तुलना करणारा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्यांच्या टापांनी माती अधिक सुटी झाली आणि पाण्याबरोबर जास्त वाहून गेली. लामांचा परिणाम माणसांइतकाच निघाला. सुटी माती पावसात ओढ्यात जाते. त्यामुळे बर्फ वितळून वाटा चिखलाच्या झालेल्या असताना घोडे न नेणे हेच शहाणपणाचे.

सकाळी निघण्यापूर्वी लीद पसरून टाकायची, म्हणजे ती लवकर सुकते आणि माश्याही कमी होतात. उकरलेले खड्डे बुजवायचे, वर पाइनची पाने पसरायची. उरलेली चंदी अस्वले वासावर येतील अशी ठेवायची नाही, कारण तिथल्या ग्रिझली अस्वलाला दाण्याची चटक लागली की पुढे त्याचाच जीव जातो. हे सगळे करावेच, पण सर्वांत जास्त फरक जनावरांच्या संख्येने पडतो. लोखंडी शेगडी, खुर्च्या आणि डबाबंद अन्न घरी ठेवून हलका तंबू आणि वाळवलेला शिधा घेतला, तर ओझ्याची निम्मी खेचरे कमी होऊ शकतात. दावणीला जितकी तोंडे कमी, तितका चारा कमी, लीद कमी, खड्डे कमी.