परदेशी निघताना: बॅग हलकी, औषधाची पिशवी भरलेली
आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

तिकीट, व्हिसा, हॉटेल ही आमची कामं, ती आम्ही करतोच. पण बॅग भरणं आणि औषधं बरोबर घेणं ही कामं तुमच्या घरी, तुमच्याच हातांनी होतात. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरकडच्या आमच्या प्रवाशांची परदेशात जी काही तारांबळ आम्ही पाहिली, तिचं मूळ बहुतेक वेळा या दोन कामांतच निघालं. म्हणून हे पत्रक. घरात जे प्रवासाला निघणार आहेत आणि जे त्यांची बॅग भरणार आहेत, दोघांनीही वाचावं.

वसमतकडच्या एका काकांना आम्ही युरोपला पाठवलं होतं. मधुमेह जुना, दिवसातून दोनदा इन्सुलिन. गर्दीत हरवू नये म्हणून त्यांनी इन्सुलिनचे पेन, गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं मोठ्या बॅगेत तळाशी नीट गुंडाळून ठेवलं. काका पोचले, बॅग पोचली नाही. ती दोन दिवसांनी आली. तोवर हॉटेलच्या माणसांना विचारून डॉक्टर गाठला, पण औषधाचं नाव काकांना सांगता येईना. 'निळ्या टोपणाचं' एवढंच आठवत होतं. शेवटी इथल्या मेडिकलवाल्याला रात्री उठवून बिलावरचं नाव वाचून घ्यावं लागलं. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येकाला एकच सांगतो: मोठी बॅग हरवली तरी चालेल, अशी तयारी करून निघा.

मोठी बॅग

आपला परदेश प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, नांदेडच्या फलाटावर सुरू होतो. देवगिरीने मुंबई गाठा नाहीतर बसने हैदराबाद, बॅग तीन-चार वेळा चढवायची-उतरवायची असतेच. इथे हमाल आहे, भाचा आहे, सोडायला आलेली मंडळी आहेत. तिथे कुणी नसतं, आणि युरोपातल्या जुन्या मेट्रो स्थानकांत कितीतरी ठिकाणी नुसते जिने आहेत. म्हणून आमचं माप असं: जी बॅग तुम्ही स्वतः उचलून एक जिना चढू शकता, तेवढीच तुमची बॅग. विमान कंपनीने 23 किलो दिले म्हणून 23 किलो भरलेच पाहिजेत असं नाही. एका बॅगेत 32 किलोंपेक्षा जास्त तर जादा पैसे देऊनही सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणारा माणूसच असतो.

कपड्यांचं सांगायचं तर दहा दिवसांच्या सहलीला चार जोड पुरतात. रात्री धुवून सकाळी वाळतील असे घ्या. जाड जीन्स तीन दिवस वाळत नाही. काठापदराच्या साड्या वजनाला भारी पडतात. फोटोसाठी एक न्या, बाकी साध्या सिंथेटिक किंवा पंजाबी ड्रेस. स्वेटर, कोट, बूट हे सगळ्यांत जड, ते अंगावर घालूनच विमानात बसा. हॉटेलात टॉवेल, साबण, पांघरूण असतं. सोलापुरी चादर घरीच राहू द्या.

आता खरा मुद्दा, खाण्याचा. लेक-जावयाकडे अमेरिकेला निघालेल्या माऊलीला 'डबे कमी करा' सांगणं आम्हाला जड जातं. तिच्या हातचा काळा मसाला तिथे कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे आम्हालाही कळतं. तरी काही गोष्टी कळकळीने सांगतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. त्यातल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मोठ्या बॅगेतूनही काढून घेतात. तांदूळ, हरभरे, करडई अमेरिकेत नेऊ नका. धान्यातल्या खपरा किडीच्या भीतीने आपल्या देशातून प्रवाशांच्या सामानात येणारं हे धान्य तिथे अडवतात. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं तर नाहीच. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा गेला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला प्रवेशाच्या फॉर्मवर प्रत्येक खाद्यपदार्थ लिहा. लिहिलेली वस्तू फार तर फेकून देतील, लपवलेल्या वस्तूला दंड बसतो.

आणि खसखस. आपल्या काळ्या मसाल्यात, येसरात, लाडवात ती सहज पडते. दुबई, अबुधाबी आणि सौदीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. पुडीभर खसखशीसाठी माणूस पोलिसांच्या ताब्यात जाऊ शकतो. त्या बाजूला जाणाऱ्यांनी घरचा मसाला नेऊच नये. त्यात काय आहे हे तिथल्या अधिकाऱ्याला पटवत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

मेथीचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजणी हे बहुतेक ठिकाणी निभावतं. लोणचं आणि तेलकट वस्तू हातातल्या बॅगेत ठेवू नका.

हातातली बॅग

बहुतेक कंपन्या हातातल्या बॅगेला 7 किलो देतात. तुमचं खरं सामान हेच. द्रवपदार्थ 100 मिलीच्या आतल्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. ज्यांना लागतात त्यांच्या औषधांना आणि लेकरांच्या दुधाला यातून सूट मिळते, मात्र तपासणीवाल्याला आधी बाहेर काढून दाखवा. पॉवर बँक कायम हातातच, मोठ्या बॅगेत कधीच नाही. 20,000 एमएएचपर्यंतची चालते, त्याहून मोठी असेल तर आम्हाला आधी दाखवा.

औषधांची एक वेगळी कापडी पिशवी करा आणि ती या बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्या. गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्या. रंगीत डबीत सुट्या काढलेल्या गोळ्या घरी सोयीच्या असतात, विमानतळावर त्या कशाच्या हे कुणालाच सांगता येत नाही. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरण्याजोगं राहत नाही, म्हणून तेही हातातच.

डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक चिठ्ठी घ्या. आजार, औषधांची मूळ नावं, मात्रा, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. चिठ्ठीवर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे कागदावर 'सौ. काकू', 'देशमुख आजी' असं लिहिलेलं चालून जातं, परदेशात ती चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची तरी ठरते.

मूळ नावाचा आग्रह का, तर ब्रँडचं नाव सीमेपलीकडे कुणाला कळत नाही. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामोल. पण अमेरिकेत आणि जपानमध्ये तिला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दम्याचं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. शुगरचे आकडेही बदलतात. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ते वेगळ्या मापात मोजतात. आपल्या आकड्याला 18 ने भागलं की त्यांचा आकडा येतो. आपली 180 म्हणजे त्यांची 10. तिथल्या यंत्रावर 10 पाहून शुगर फार उतरली असं समजून साखर खाऊ नका. तापही सेल्सियसमध्ये सांगतात. आपला 100.4 म्हणजे त्यांचा 38.

काही औषधांना परदेशात परवानगी लागते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम ही आपल्याकडे घरोघरी सापडतात, अमिरातीत मात्र ती तिथल्या सरकारची आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं, जपानमध्ये ते 10 टक्क्यांहून जास्त असेल तर गोळी बंद. नेहमीची औषधंही जपानला महिन्यापुरतीच, त्याहून जास्तीला परवाना. अमेरिकेला साधारण तीन महिन्यांपुरती नेता येतात. सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी उरलेल्या तीन महिन्यांचं काय, हे निघण्याआधीच मुलाशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावं. तिथून फोन करून 'पार्सल पाठव' म्हणणं सोपं नाही.

जायच्या दीड महिना आधी एकदा डॉक्टरांना भेटा. दुखरी दाढ असेल तर ती इथेच काढून किंवा भरून घ्या. केनियासारख्या देशाला निघाला असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, आणि ती सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अलग ठेवतात. हज-उमराहला मेंदूज्वराची लस, तीही 10 दिवस आधी. मुक्तिनाथला जाणाऱ्या वारकरी मंडळींनी हे लक्षात घ्यावं की ते ठिकाण 3,700 मीटरच्या वर आहे. डोकं दुखणं, मळमळ, चालताना तोल जाणं ही तिथे थकव्याची लक्षणं समजू नका. त्याच दिवशी खाली उतरायचं. पांडुरंग पुन्हा बोलावेल.

विमा

युरोपच्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, म्हणून तो सगळे काढतात. पण विम्याचा फॉर्म भरताना बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी सांगायला लोक कचरतात, हप्ता वाढेल म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. लपवलेला आजार दवाखान्याच्या पहिल्याच कागदावर उघडा पडतो आणि दावा नाकारला जातो. जुना आजार सांगितल्यावर तो किती भरपाईत बसतो, जीवावर बेतल्यासच की नेहमीच्या त्रासालाही, हे आमच्यासमोर बसून विचारून घ्या. अमेरिकेला जाताना स्वस्त विमा घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. तिथे एका रात्रीच्या भरतीचं बिल आपल्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षा मोठं येऊ शकतं.

पॉलिसीवर चोवीस तास मदतीचा फोन नंबर असतो. तो मोबाइलमध्ये, कागदावर आणि सोबतच्या माणसाकडे असा तीन ठिकाणी ठेवा. दवाखान्यात जाण्याआधी, किंवा जमलं नाही तर पोचल्यावर लगेच, त्या नंबरवर कळवा. कॅशलेस व्यवस्था त्यातूनच होते.

आजारी पडलात तर

छातीत दाब, घाम, डाव्या हाताला कळ, तोंड वाकडं, जीभ अडखळणं, एक बाजू लुळी, श्वास लागणं. यातलं काही झालं तर 'गॅस असेल' म्हणून ओवा चावत बसू नका. विम्याला नंतर कळवा, आधी रुग्णवाहिका. युरोपभर 112, हा नंबर आपल्याकडेही तोच आहे. इंग्लंडात 999, अमेरिका-कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000, न्यूझीलंडला 111, जपानला 119, सिंगापूरला 995, अमिरातीत 998, सौदीत 997, थायलंडला 1669, श्रीलंकेत 1990, नेपाळात 102. तुम्ही जाताय त्या देशाचा नंबर आम्ही पाकिटावर लाल शाईने लिहून देतो.

साधा ताप, जुलाब, अंगावर पुरळ यासाठी मोठ्या रुग्णालयाकडे धावायची गरज नसते. युरोपात हिरवा क्रॉस दिसला की ते औषधाचं दुकान. जर्मनीत मात्र लाल 'ए' शोधा. तिथला फार्मासिस्ट सल्ला देतो आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचं तेही सांगतो. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय देत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. रात्री आणि रविवारी पाळीने एखादं दुकान उघडं असतं, बंद दुकानाच्या दारावर त्याचा पत्ता लावलेला असतो. अमेरिकेत जीवावरचं नसेल तर अर्जंट केअर (तातडीच्या साध्या उपचारांचा दवाखाना) गाठा, इमर्जन्सी रूमपेक्षा खर्च बराच कमी येतो. पण खरंच जीवावर बेतलं असेल तर इमर्जन्सीतच जा. खिशात पैसे नाहीत म्हणून तिथे तपासणी आणि धोका टळेपर्यंतचे उपचार नाकारता येत नाहीत, 1986 पासून तसा कायदाच आहे. इंग्लंडात 111 वर फोन केला की कुठे जायचं ते सांगतात. तिथल्या अपघात विभागात तपासणी मोफत आहे, पण भरती झालात तर परदेशी प्रवाशाला बिल लागतं.

'मला शुगर आहे' हे वाक्य परदेशात कुणाला कळत नाही. 'डायबेटिस' म्हणा. बीपीला 'हाय ब्लड प्रेशर' असं पूर्ण बोला. भाषेचा संकोच मुळीच नको. अमेरिकेतल्या रुग्णालयात दुभाषा मागता येतो, फोनवरून का होईना, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. मराठी नसेल तर हिंदी मागा. सुनेला किंवा नातवाला सांगायला लाज वाटेल असा त्रास असतो, तेव्हा तर दुभाषाच बरा.

जुलाब झाले तर पिशवीतली ओआरएसची पुडी पाण्यात. मोठी पुडी एक लिटरला, छोटी असेल तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्याला. रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टर. पैसा, पासपोर्ट, सगळंच अडकलं तर त्या देशातला आपला दूतावास गाठा. अडचणीतल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे कल्याण निधी असतो, खऱ्या गरजवंताला त्यातून उपचारांसाठीही मदत मिळते.

दवाखान्यातून निघताना प्रत्येक कागद मागून घ्या: बिल, पावती, तपासण्यांचे अहवाल, औषधाची चिठ्ठी. दाव्याला मूळ प्रती लागतात.

निघण्याच्या आठ दिवस आधी भरलेली बॅग आणि औषधांची पिशवी घेऊन आमच्या कार्यालयात या. ताणकाटा आहे, वजन करू, डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टशी ताडून पाहू, आणि चालणार नाही ते इथेच काढून ठेवू. चालणं अवघड असेल तर विमानतळावरच्या व्हीलचेअरची मागणीही त्याच दिवशी नोंदवू. ती मोफत असते, पण आधी सांगावी लागते.