‘निर्दोष’ या शब्दामागची वेदी

कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातल्या लायकस नदीच्या खोऱ्यातले गाव. मेंढरे, लोकर आणि लोकरीचा रंग यांसाठी हा मुलूख नावाजलेला होता. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला येशूचा प्रेषित पौल याने कधी पाहिले नव्हते. शुभवर्तमान तिथे पोहोचवले ते त्याचा सहकारी एपफ्रास याने. या मंडळीला पौलाच्या नावाने आलेले, बायबलच्या नव्या करारातले पत्र इसवी सन ६० च्या आसपासचे मानले जाते, तर पौलाच्या एखाद्या शिष्याने ते मागाहून लिहिले असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, तुम्ही एके काळी परके होता, मनाने वैरी होता. आता ख्रिस्ताच्या मरणाने तुमचा देवाशी समेट झाला आहे, आणि तो यासाठी की तुम्ही त्याच्यापुढे पवित्र, निर्दोष आणि कोणी बोट ठेवू शकणार नाही असे उभे राहावे.

‘निर्दोष’ म्हटले की आपल्याला न्यायालय आठवते. पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता, ही बातमी आपण रोज वाचतो. पण इथला मूळ ग्रीक शब्द ‘अमोमोस’, आणि तो आला आहे वेदीवरून. इब्री शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात अर्पणाच्या जनावरासाठी तो वारंवार वापरला आहे. लेवीय पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात नियम दिले आहेत: आंधळे, हाड मोडलेले, खरूज झालेले जनावर चालणार नाही; एखादा अवयव तोकडा किंवा वाजवीपेक्षा लांब असलेले नवसाला चालणार नाही. कळपातले बिनखोटीचे तेवढेच वेदीपाशी जाणार. मलाखी संदेष्टा तर लोकांना थेट विचारतो की, असले लंगडे, आजारी जनावर तुम्ही आपल्या सुभेदाराला तरी नेऊन द्याल का? मेंढरांवर पोट असलेल्या कलस्सैकरांना खोड नसलेले जनावर म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. आणि हे पत्र त्या जागी जनावराला नाही, माणसांना उभे करते. कालपर्यंत वैरी असलेल्या माणसांना. मला या ओळीपाशी नेहमी थांबावेसे वाटते.

तिच्यामागे प्रायश्चित्ताच्या दिवसाची मोठी परंपरा आहे. वर्षातून एकदा प्रमुख याजक स्नान करून साधी तागाची वस्त्रे घाली आणि आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करी. मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जात. एकाचे रक्त पडद्याच्या आत, कराराच्या कोशावरच्या झाकणापाशी, म्हणजे दयासनापाशी, शिंपडले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सगळ्या लोकांचे अपराध कबूल करी, आणि ते ओझे घेऊन तो बकरा रानात पाठवला जाई. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. यहुदी समाज हा दिवस आजही उपवास आणि प्रार्थनेने पाळतो. ख्रिस्ती मंडळीने मात्र तो याजक आणि ते अर्पण, दोन्ही येशूच्या ठायी पाहिले.

‘समेट’ या शब्दाने घेतलेले वळण तर याहून मोठे आहे. ग्रीक बोलणारे यहुदी प्रार्थना करत, ती देवाचा राग निवून त्याने आपल्याशी पुन्हा समेट करावा म्हणून. ‘दुसरे मक्काबी’ या जुन्या यहुदी ग्रंथात हे दिसते. पौल वाक्याची बाजूच उलटवतो. त्याच्या लिखाणात देवाची समजूत कोणी काढत नाही. समेट देव करतो, आणि तो होतो माणसाचा. रोमकरांस लिहिताना तो म्हणतो की, आपण वैरी असतानाच हे घडले. आपल्याकडे भावकीतला वाद मिटवायचा तर दोघांनी दोन पावले मागे यायचे असते, आणि ज्याची चूक त्याने आधी यायचे असते. इथे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच चालत आला.

मग निर्दोष ‘ठरणे’ आणि निर्दोष ‘होणे’ यांत फरक काय? युरोपातली मंडळी याच प्रश्नावर दुभंगली. मार्टिन लूथर हा मठातला संन्यासी तासन्‌तास पापांची कबुली देई, तरी त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगले की नीतिमत्त्व हे देवाचे दान आहे. विश्वासाने ते आपल्या पदरात पडते. १५१७ मध्ये पापदंडाच्या माफीपत्रांविरुद्ध त्याने ९५ प्रबंध मांडले. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने आपली बाजू मांडली: कृपा माणसाला नुसती नीतिमान ठरवत नाही, आतून बदलते. भांडण साडेचारशे वर्षे पुरले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या की, आपल्या पुण्याईने नव्हे, ख्रिस्तावरील विश्वासाने, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवे करतो. समेटाच्या शिकवणीवरून झालेल्या भांडणाचा समेट व्हायला इतका काळ लागावा, याचे वाईट वाटते.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनीच लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडला नव्हता. तो कित्येक वर्षांनी भेटला. मग केडगावच्या मुक्ती सदनात इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवले.

कलस्सैला पत्र घेऊन आलेल्या, पौलाचा सहकारी असलेल्या तुखिकाबरोबर अनेसिम होता, त्याच गावचा, फिलेमोनाचा गुलाम. धन्यापासून दुरावलेल्या त्या माणसाच्या हाती पौलाने आणखी एक चिठ्ठी दिली होती: याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या खाती मांड. फिलेमोनाने दार उघडल्यावर काय केले, हे त्या चिठ्ठीत नाही.