‘अवतार’चा तिसरा भाग : तिकीट काढण्याआधी एवढं वाचा

चाळीसगाव आणि पंचक्रोशीतल्या रसिक प्रेक्षकांस नमस्कार.

शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५ पासून आपल्या चित्रगृहात ‘अवतार’चा तिसरा भाग, ‘फायर अँड ॲश’, लागतो आहे. बुकिंग खिडकीवर सध्या तेच ते प्रश्न येताहेत. आधीचे भाग पाहिले नाहीत तर समजेल का? थ्रीडी घ्यावा की साधा? पोरांना आणू का? खिडकीवर मागे रांग लागलेली असते, नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी वेळेचं. चित्रपट ३ तास १७ मिनिटांचा आहे. मध्यंतर आणि जाहिराती धरल्या तर पावणेचार तास मोकळे ठेवा. नेहमीचे चार खेळ त्यात बसत नाहीत, म्हणून रोज तीनच: सकाळी ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७. अकराचा खेळ टूडी, बाकीचे दोन थ्रीडी. सातचा खेळ सुटायला पावणेअकरा होतात, तेव्हा खेड्यावरून एसटीनं येणाऱ्यांनी तो घेऊ नये. तिन्ही खेळ हिंदीत आहेत. मराठी डबिंग नाही. आणि एक, थंडीचे दिवस आहेत, मळ्यात भरीत-पार्टी करून तिथूनच सिनेमाला यायचं असे बेत हमखास ठरतात. कळण्याची भाकरी आणि झणझणीत भरीत पोटभर हाणून थ्रीडीला बसू नका. पहिल्या अर्ध्या तासातच त्रास होतो.

थ्रीडी की टूडी, हा खरा प्रश्न. त्यासाठी आत काय चालतं ते सांगतो. आपला प्रोजेक्टर एकच आहे. तो डाव्या डोळ्याचं चित्र आणि उजव्या डोळ्याचं चित्र आळीपाळीनं टाकतो, सेकंदाला १४४ वेळा. भिंगापुढे बसवलेलं यंत्र एका चित्राच्या प्रकाशाला एका दिशेनं पीळ देतं, दुसऱ्याच्या प्रकाशाला उलट दिशेनं. तुमच्या चष्म्याची एक काच एकच पीळ आत घेते, दुसरी दुसरा. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं मिळाली की खोली मेंदू स्वतःच तयार करतो. चष्मा काढून पडद्याकडे पाहिलंत तर दोन्ही चित्रं एकावर एक सरकलेली दिसतील. लहान मुलं हा प्रयोग करतातच.

पांढऱ्या पडद्यावर आपटला की हा पीळ मोडतो, म्हणून थ्रीडीला चंदेरी लेपाचा पडदा लागतो. आपल्याकडे तोच आहे. त्याचा एक दोष लपवत नाही: चंदेरी पडदा मधोमध जास्त उजळ आणि कडेला मंद दिसतो, टूडीच्या खेळालाही. शिवाय चष्मा बराच प्रकाश खातो आणि प्रत्येक डोळ्याला निम्माच वेळ चित्र मिळतं, त्यामुळे थ्रीडी मुळातच काळपट वाटतो. तो भरून काढायला त्या दोन खेळांना आम्ही दिवा वाढवून चालवतो. तरीही तुम्ही कोपऱ्यातली खुर्ची घेतलीत तर फरक पडणारच. थ्रीडीसाठी बाल्कनीतली मधली जागा मागा, ती संपली असेल तर खाली मागच्या रांगांत मधोमध. पुढच्या तीन रांगा थ्रीडीला आम्ही सगळ्यात शेवटी विकतो. घेणाऱ्याला मान दुखेल हे सांगूनच.

आमचं मत विचाराल तर हा चित्रपट थ्रीडीतच पाहावा. दिग्दर्शक जेम्स कॅमरून यांनी तो त्यासाठीच बांधलेला असतो. पण तिरळेपणा असेल, एका डोळ्याची नजर कमी असेल किंवा थ्रीडीत पूर्वी डोकं दुखलं असेल, तर सरळ अकराचा खेळ घ्या. खोलीच दिसणार नसेल तर जादा पैसे कशाला? नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी आमचा चष्मा त्यावरूनच घालायचा. मळमळलं तर दोन मिनिटं डोळे मिटून बसा.

गोष्ट कुठवर आली, ते आता. (आधीचे भाग घरी पाहून यायचे असतील तर हा परिच्छेद सोडा.) पँडोरा हा एका भल्यामोठ्या वायुग्रहाचा चंद्र. तो आहे अल्फा सेंटॉरीपाशी, म्हणजे सूर्य सोडला तर आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांमध्ये. अंतर सुमारे ४.४ प्रकाशवर्षं. पँडोरा काल्पनिक, पण अल्फा सेंटॉरी खराखुरा आहे. मे अखेरीला रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, डोंगररांगेच्या जरा वर, चाळीसगावातूनही तो ठळक ठिपका दिसतो. (भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख आपल्या पाटणादेवीच्या परिसरातला. तेव्हा आकाशाच्या गोष्टी आपल्याकडे नव्या नाहीत.) २००९ च्या पहिल्या भागात माणसं तिथं खनिजासाठी जातात, आणि जेक सली हा माजी सैनिक तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे नावी लोकांच्या बाजूनं उभा राहतो. जंगलाखाली खाण आणि जंगलात माणसं, ही गोष्ट सातपुड्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. २०२२ च्या दुसऱ्या भागात जेक आणि त्याची नावी बायको नेयतिरी मुलाबाळांसह समुद्रकाठच्या मेटकायिना लोकांकडे आसरा घेतात. पहिल्या भागात मेलेला खलनायक कर्नल क्वारिच नावीच्या देहात परत येतो, आणि जेकचा थोरला मुलगा नेतेयाम लढाईत मारला जातो. कथा जवळपास पहिल्याच वळणानं गेली, असं आम्हालाही वाटलं होतं. पण पाण्याखालचे प्रसंग पाहायला लोक दुसऱ्यांदा तिकीट काढून आले.

तिसरा भाग त्या मुलाच्या दुःखातून सुरू होतो. नवी आहे ती राखेच्या मुलखातली मंगक्वान टोळी आणि तिची म्होरकी वरांग. ही भूमिका चार्ली चॅप्लिन यांची नात ऊना चॅप्लिन करते आहे. म्हणजे या वेळी वाईट माणसं नावींमध्येही आहेत, आणि आमची उत्सुकता तिथंच आहे. बाकी चित्रपट आम्हीही तुमच्याबरोबरच पाहणार, त्यामुळे चांगला की वाईट हे आत्ता सांगत नाही. आधीचं काही आठवत नसेल तरी वरच्या परिच्छेदावर भागेल. वेळ असेल तर निदान दुसरा भाग पाहून या.

लहान मुलांबद्दल: पाच-सहा वर्षांच्या आतल्यांना आणू नका. चष्मा नाकावरून घसरतो, लढाया दणदणीत आहेत, आणि पोर रडायला लागलं की तुमचा निम्मा सिनेमा बाहेरच्या व्हरांड्यात जातो.

शेवटी चष्म्याचं. दर खेळाला एक जण विचारतोच, “भाऊ, हाऊ चष्मा घर लई जाऊ का?” न्या की, पण घरच्या साध्या टीव्हीवर तो नुसता काळा गॉगल आहे. त्यापेक्षा दारावर परत द्या आणि अनामत घेऊन जा. प्रत्येक खेळानंतर चष्मे धुऊन पुसले जातात. काचेवर बोटांचे ठसे दिसले तर शर्टानं घासू नका, चरे पडतात. डोअरकीपरला सांगा, तो बदलून देईल. शाळांच्या सहलींनी अकराचा खेळ मागायचा असेल तर दोन दिवस आधी खिडकीवर कळवावं, म्हणजे सगळ्या मुलांना एकत्र रांगा देता येतील.