जपानी कोळी खेकडा

जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यापुढच्या खोल, थंड पाण्यात राहणारा, जाळं विणणाऱ्या कोळ्यासारख्या लांब पायांचा खेकडा. शास्त्रीय नाव मॅक्रोकायरा केम्फेरी, जपानी लोक याला ताकाआशिगानी म्हणतात. दोन्ही नांग्या आडव्या ताणून टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर मोठा नर 3.7 मीटरपर्यंत भरतो, पाठीचं कवच 40 सेंमीच्या आसपास आणि वजन 19 किलोपर्यंत. म्हापशाच्या बाजारात अर्ध्या किलोची कुर्ली मिळाली तरी आपण खूश, तेव्हा हे आकडे जरा सावकाश वाचावेत. पायांच्या पसाऱ्याचा विचार केला तर आज जिवंत असलेला दुसरा कुठलाच संधिपाद प्राणी, म्हणजे किडे, विंचू, कोळंबी, शेवंड सगळे धरून, याच्या जवळपास येत नाही.

"सगळ्यात मोठा" म्हणजे नक्की काय मोजायचं यावर मात्र गाडी अडते. काही ग्रंथांत 3.7 ऐवजी 3.8 मीटर दिलंय आणि इंटरनेटवर सरसकट 4 मीटर फिरतं. यातला 3.7 चा आकडाच धरावा हे बरं, कारण सुकवून भिंतीवर टांगलेल्या नमुन्याचे सांधे कितपत ताणले होते त्यावर हाताभराचा फरक सहज पडतो. वजनाच्या बाबतीत चित्र इतकं एकतर्फी नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा टास्मानियन जायंट क्रॅब, स्यूडोकार्सिनस गायगस, हा 17 किलोच्या पुढे जातो आणि त्याचं कवच 46 सेंमीपर्यंत रुंद, म्हणजे नुसतं धड बघितलं तर तोच मोठा, फक्त पाय आखूड. आणि खेकडे, कोळंबी, शेवंड अशा सगळ्या कवचधारी (क्रस्टेशियन) प्राण्यांत वजनाचा मान अमेरिकन लॉब्स्टरकडे जातो, 1977 मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाला पकडलेला एक लॉब्स्टर 20 किलोच्या थोडा वर भरला होता. व्हॉट्सॲपवर कचऱ्याच्या डब्याला लटकलेला जो "जगातला सर्वात मोठा खेकडा" वर्षातून दोनदा तरी येतो तो या भानगडीत कुठेच बसत नाही. तो कोकोनट क्रॅब, बर्गस लॅट्रो, जमिनीवर राहणाऱ्या संधिपादांत सगळ्यात मोठा खरा, पण वजन फार तर 4 किलोच्या आसपास आणि नात्याने शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबच्या गोतावळ्यातला, खरा खेकडा नव्हेच. आपल्या देशात तो अंदमान-निकोबारच्या मोजक्या बेटांवर आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. अलास्काचा किंग क्रॅबसुद्धा याच कारणाने यादीतून बाद होतो.

नावाचा नि वर्गीकरणाचा इतिहास बराच गुंतागुंतीचा आहे आणि तो थोडा तपशिलात बघायला हवा. युरोपीय शास्त्राला या प्राण्याची रीतसर ओळख 1836 मध्ये झाली. नेदरलँड्समधल्या लायडनच्या म्युझियमचा संचालक कोएनराड टेमिंक याने त्याचं वर्णन माया केम्फेरी या नावाने केलं. यातलं केम्फेरी हे एंगेलबर्ट केम्फर या जर्मन निसर्ग-अभ्यासकावरून, जो 1690 ते 1692 या काळात जपानमध्ये डच कंपनीचा डॉक्टर होता आणि ज्याने तिथल्या निसर्गाबद्दल भरपूर लिहून ठेवलं. म्हणजे ज्याचं नाव लागलं तो माणूस वर्णन होण्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीच वारलेला. टेमिंकने वापरलेला माल फिलिप फ्रान्झ फोन सिबोल्ड याने गोळा केलेला होता. सिबोल्डही डॉक्टरच, 1823 ते 1829 जपानमध्ये, मुक्काम नागासाकी बंदरातल्या देजिमा या भर टाकून बांधलेल्या बेटावर. हे बेट मुळात पोर्तुगीजांना कोंडून ठेवायला 1630च्या दशकात बांधलेलं, म्हणजे गोवा-मकाव-नागासाकी या व्यापाराचं ते शेवटचं ठिकाण, मग 1639 मध्ये पोर्तुगीजांना हाकललं आणि 1641 पासून तिथे डच आले. नाहीतर या खेकड्याची पहिली नोंद लायडनऐवजी लिस्बनला झाली असती असं म्हणायला वाव आहे, अर्थात हे आपलं जर-तर.

इथे एक अडचण आहे. मूळ नमुना देजिमाजवळचा असं जुन्या ग्रंथांत म्हटलंय आणि पुढच्या संकलकांनी ते तसंच उचललं, पण देजिमा क्यूशू बेटाच्या पश्चिम अंगाला आहे आणि या खेकड्याचा मुख्य वावर पूर्वेच्या, पॅसिफिक बाजूला. सिबोल्ड 1826 मध्ये डच शिष्टमंडळाबरोबर एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जाऊन आला होता आणि तो रस्ता सुरुगा उपसागराला लागूनच जातो. डच लोकांना बेटाबाहेर पडायची मुभा जवळपास नव्हती, वस्तू त्यांच्याकडे आणून दिल्या जात, हेही लक्षात घेतलं तर नमुना पूर्वेकडून आला आणि कागदावर फक्त साठवणीची जागा लागली हे जास्त पटतं. छातीठोकपणे सांगण्याइतका हा पुरावा नाही, पण "देजिमाजवळ सापडला" असं सरळ लिहिण्यापेक्षा "देजिमाहून पाठवला" असं लिहिणं सुरक्षित.

पुढे 1839 मध्ये विलेम द हान याने ही जाती इनाकस या वंशात हलवली आणि तिच्यासाठी मॅक्रोकायरा हा वेगळा उपवंश केला, 1886 मध्ये एडवर्ड मायर्सने त्या उपवंशाला पूर्ण वंशाचा दर्जा दिला. वंश ठरला, कूळ काही ठरेना. बरीच वर्षं हा इनाकिडी कुळात घातला जायचा पण तिथे तो नीट बसत नाही, नराचे पोटाखालचे पहिले उपांग विचित्र पिळलेले असतात आणि अळ्यांची रचना जुनाट वाटते, त्यामुळे अलीकडच्या काही याद्यांत त्याला मॅक्रोकायरिडी हे स्वतःचं कूळ देऊन मोकळे झालेत आणि पुरावा बघता तेच बरोबर वाटतं. वंशात आज ही एकच जाती जिवंत आहे. बाकीच्या जीवाश्मरूपात, जपानच्या मायोसीन (साधारण 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतल्या गिन्झानेन्सिस आणि याबेई, आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिगोसीन, म्हणजे त्याच्याही आधीच्या काळातल्या, थरातली टेग्लँडाय, म्हणजे एकेकाळी पॅसिफिकच्या दोन्ही काठांना हे घराणं नांदत होतं. वर्गीकरणाचा असा घोळ फक्त परदेशी प्राण्यांचाच असतो असं समजू नये. मांडवी-झुआरीच्या चिखलातल्या आपल्या मोठ्या कुर्ल्या 1998 पर्यंत सगळ्या सिला सेराटा या एकाच नावाखाली ढकलल्या जायच्या, मग त्या वंशात चार जाती आहेत हे नीट दाखवलं गेलं आणि भारतातल्या जुन्या अहवालांत ज्याला सेराटा म्हटलंय ती बऱ्याच वेळा छोटी, तपकिरी ओलिवासिया निघते. जुने आकडे वाचताना हे भान ठेवावं लागतं.

शरीराचं म्हणाल तर कवच पेअर फळासारखं, पुढे निमुळतं, वर गाठी नि काटे, डोळ्यांच्या मधून पुढे आलेले दोन शिंगासारखे टोक. रंग नारिंगी, पायांवर पांढरट ठिपके. पाय चार जोड्या आणि पुढे नांग्यांची एक जोडी, हे सगळ्या खेकड्यांसारखंच, फक्त प्रमाण भलतंच. पूर्ण वाढलेल्या नराच्या नांग्या त्याच्या चालायच्या पायांपेक्षाही लांब होतात, मादीच्या नांग्या मात्र आखूडच राहतात, त्यांच्या लगेच मागच्या पायांहूनही कमी. नर-मादी ओळखायची बाकीची खूण बाजारातलीच, उलटा करून पोटाखालचा पडदा बघायचा, अरुंद त्रिकोणी तर नर आणि रुंद, गोलसर, कडेला केसांची झालर असलेला तर मादी, अंडी याच पडद्याखाली चिकटलेली असतात. प्रौढ झाल्यावर धड फारसं वाढत नाही पण पाय वाढतच राहतात. कात टाकायचं काम म्हणजे या पायांमुळे दिव्यच, कवचाची मागची शिवण उकलते आणि अख्खा खेकडा मागच्या मागे बाहेर येतो, एकेक मीटरभर लांब मऊ पाय जुन्या नळीतून न मोडता ओढून काढावा लागतो, एका नोंदवलेल्या प्रसंगात याला पावणेदोन तासांच्या आसपास लागले. तुटाफूट होतेच. तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खेकड्यांचा एखादा तरी पाय गेलेला होता, पुढच्या कातींत तो पुन्हा फुटतो. 100 वर्षं जगतो हे सगळीकडे लिहिलेलं असतं, तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

टोकियो उपसागरापासून कागोशिमापर्यंतचा किनारा हा याचा मुख्य टापू, शिवाय उत्तरेला इवाते आणि दक्षिणेला तैवानच्या सुआओपुढे तुरळक वस्ती. कागोशिमा हे नाव गोव्यात नवीन नाही, गोंयचे सायब सेंट फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये इथून निघून मलाक्कामार्गे जपानला जिथे उतरले ते हेच गाव. त्यांच्या दंतकथेत समुद्रात पडलेला क्रूस परत आणून देणारा खेकडा मात्र वेगळा, ती गोष्ट मोलुक्का बेटांवरची आणि तो मान कॅरिब्डिस फेरिआटा या पाठीवर क्रुसासारखी खूण असलेल्या खेकड्याला दिला जातो, जो आपल्याकडे जाळ्यात नेहमी येतो. कोळी खेकडा बहुतेक करून 150 ते 300 मीटर खोलीवर, खाली 600 मीटरपर्यंत, पाणी 10 अंश सेल्सियसच्या आसपास. वसंतात प्रजननासाठी 50 मीटरपर्यंत वर येतो. मादी एका हंगामात 15 लाखांपर्यंत अंडी घालते असं सांगतात, साधारण 10 दिवसांत फुटतात, मग झोइया या अळीच्या दोन अवस्था आणि मेगालोपा ही शेवटची अळी-अवस्था, तोपर्यंत अळ्या वरच्या पाण्यात तरंगतात आणि नंतर तळाला बसतात. पिल्लं अंगावर स्पंज, शेवाळ असलं काहीबाही चिकटवून लपतात, मोठे झाल्यावर ती गरज फारशी उरत नाही. खाणं मिळेल ते, मेलेले मासे, शिंपले, शेवाळ. दिसायला राक्षस, वागायला एकदम थंड.

असा खेकडा आपल्या अरबी समुद्रात का नाही, हा प्रश्न इथे साहजिक येतो. सरळ उत्तर असं की तो मुळात वायव्य पॅसिफिकचाच रहिवासी. पण समजा आणून सोडला तरी त्याच्या आवडीच्या 150 ते 300 मीटरवरच अरबी समुद्रात ऑक्सिजन अतिशय कमी असलेला जाड थर सुरू होतो, तो साधारण 1000 मीटरपर्यंत जातो, आणि तिथलं पाणी 10 अंशांपेक्षा बरंच उबदार. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जी 1966 मध्ये स्थापन झाली, या थराचा अभ्यास कित्येक वर्षं केलाय, कांदोळीसमोरच्या ठरलेल्या ठिकाणी नियमित पाणी तपासलं जातं आणि पावसाळा सरता सरता किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही तळाला ऑक्सिजन घसरतो हे त्यातून दिसलं. तळावर सावकाश वावरणाऱ्या, 19 किलोच्या प्राण्याला हे झेपणं अवघड दिसतं. कोळी खेकड्यांच्या मोठ्या गटातले डोक्लिया वंशाचे छोटे नातेवाईक भारताच्या किनाऱ्यावर ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या, जाळ्यात येतात, गोल केसाळ धड नि बारीक पाय, मांस नाही म्हणून फेकले जातात, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहिलेलंही थोडंच आहे.

मासेमारी मुख्यतः सुरुगा उपसागरात, छोट्या ट्रॉल जाळ्यांनी. हेदा हे गाव, आता नुमाझु शहरात धरलेलं, यासाठी प्रसिद्ध, तिथे हा अख्खा वाफवून वाढतात आणि कवचावर तोंडं रंगवून दारावर लावायची पद्धतही आहे. जाळ्यात येणारा खेकडा बहुधा 1 ते 1.2 मीटर पसाऱ्याचा, फोटोतला राक्षस रोज मिळत नाही. 1976 मध्ये पकड 24.7 टन होती, 1985 मध्ये ती 3.2 टनांवर आली, नि मच्छिमार आणखी खोल पाण्यात जायला लागले. उपाय म्हणून जानेवारी ते एप्रिल पकडबंदी, कारण याच काळात तो उथळ पाण्यात येऊन सहज हाती लागतो. गोव्यातली ट्रॉलरबंदी 1 जून ते 31 जुलै, तीही प्रजननाच्या नावाने, पण ती सगळ्या माशांना मिळून एकच आहे आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीच्या) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, धरल्या जाणाऱ्या कुर्ल्यांना तिचा काही उपयोग नाही, पोटाखाली अंडी धरलेली मादीही बाजारात येते. जपानमध्ये बंदीच्या जोडीला हॅचरीत वाढवलेली पिल्लं समुद्रात सोडायचे प्रयोगही झाले आहेत, पण अळ्यांना 15 ते 18 अंशांचं पाणी महिनाभराहून जास्त काळ द्यावं लागतं, त्यामुळे हे काम कोळंबीच्या तळ्याइतकं स्वस्तात होत नाही.