ईमॅक्सच्या एक्सटेन्शनमध्ये रेजेक्सची ओळ घालण्याआधी

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी आम्ही पार्सर, म्हणजे एचटीएमएल-एक्सएमएलची रचना ओळखून वाचणारा प्रोग्रॅम, वापरणारं एक्सटेन्शन बनवतो. “एक टॅगच तर शोधायचाय, त्याला पार्सर कशाला?” असा फोन आम्हाला वरचेवर येतो. चार दिवसांनी त्याच नंबरवरून दुसरा: “तुमचं एक्सटेन्शन बिघडलं.” उघडून पाहावं, तर आमच्या कोडात कुणीतरी रेजेक्सची, म्हणजे अक्षरांचा नमुना जुळवून शोधण्याची, ओळ चिकटवलेली असते.

ती ओळ ज्या फाइलवर लिहिली तिथे चोख चालते, हीच पंचाईत. ईमॅक्सच्या रेजेक्समधलं टिंब, म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’, पुढच्या ओळीवर जात नाही, त्यामुळे टॅग दोन ओळींत तुटला की हुकलाच. दुहेरी अवतरणचिन्हांऐवजी एकेरी आली, क्लासच्या आधी आयडी आला, एका डिव टॅगच्या पोटात दुसरा डिव आला, की भलतंच हाती लागतं. कॉमेंटमध्ये टाकून बंद केलेला मजकूरसुद्धा ती इमानेइतबारे उचलून आणते. मग ठिगळावर ठिगळ लावत ओळ वाढते आणि एखाद्या मोठ्या फाइलवर ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ होऊन बसते. हे निस्तरण्यात तुमचा दिवस जातो, आमचाही.

ईमॅक्स 24.1 मध्ये, म्हणजे 2012 साली, लिबएक्सएमएल या पार्सर लायब्ररीची जोड आली. आम्ही तीच वापरतो. मार्कअपची एकात एक यादी मिळते: टॅगचं नाव, मग अ‍ॅट्रिब्यूट (क्लास, आयडी वगैरे), मग आतला मजकूर आणि टॅग. 25.1 पासून ती यादी धुंडाळणारी डॉम लायब्ररीही सोबत येते, तेव्हा ‘डॉम-बाय-टॅग’ म्हटलं की काम झालं. टॅग बंद करायचा राहिलेलं एचटीएमएलही हा पार्सर सांभाळून घेतो.

मात्र तुमचं ईमॅक्स लिबएक्सएमएलशिवाय बिल्ड केलेलं असू शकतं. 27 किंवा पुढची आवृत्ती असेल तर ‘लिबएक्सएमएल-अव्हेलेबल-पी’ चालवून बघा. ‘निल’, म्हणजे ‘नाही’, आलं तर आधी आम्हाला कळवा. अशा वेळी आमचं एक्सटेन्शन लिस्पमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्याच भाषेत, लिहिलेल्या जुन्या पार्सरवर जातं. नीटनेटक्या एक्सएमएलला तो पुरतो, ढिसाळ एचटीएमएलला नाही.

फाइलमध्ये जागच्या जागी बदल करून देण्याचे आम्ही वेगळे पैसे का घेतो, हेही विचारलं जातं. पार्सरच्या त्या यादीत टॅग मिळतो, पण तो फाइलमध्ये नेमका कुठे होता ते मिळत नाही. त्यासाठी ईमॅक्स 29 पासूनचं ट्री-सिटर, म्हणजे जागेसकट रचना सांगणारा दुसरा पार्सर, वापरावं लागतं, त्याचं एचटीएमएलसारख्या भाषेसाठीचं व्याकरण निराळं बसवावं लागतं. काम खरोखरच दुसरं आहे.

अडलं तर चाललेली एक आणि न चाललेली एक, अशा दोन फाइली आणि ईमॅक्सची आवृत्ती पाठवा. पहिली तपासणी फुकट. वार्षिक देखभाल घेतलेल्यांचं त्यांनी स्वतः घातलेलं रेजेक्सही आम्ही काढून देतो, कुरकुर न करता.